ठिपका नसलेली तार

कळंबोलीत सकाळचा उजेड आधी लोखंडावर येतो. स्टील मार्केटच्या शेडांमागून तो सावकाश वर सरकतो. रस्त्याकडेला रचलेल्या पत्र्याच्या गुंडाळ्यांच्या कडा प्रथम उजळतात, मग त्यांच्यावरचा तांबूस गंज, मग एखाद्या ट्रेलरच्या टपावर वाळत घातलेला ड्रायव्हरचा टॉवेल. या उजेडाला कसलीही घाई नसते. त्यात धूळ असते, डिझेलचा निळसर धूर असतो आणि खाडीकडून आलेला एक पातळ, ओलसर पडदा असतो. त्या पडद्यामुळे प्रत्येक वस्तू काही क्षण अर्धवट पुसल्यासारखी दिसते आणि मग एकेक करून स्वतःच्या कडा परत मिळवते. आमच्या गॅरेजपुढच्या पटांगणात हा उजेड सातच्या सुमारास पोचतो. त्या दिवशी तो आधी चंदेरी गाडीच्या टपावर उतरला, जिथला रंग उन्हाने उडून राखेसारखा झाला होता. तिथून काचेवर आला. काचेआड डॅशबोर्डची चीर झाकण्यासाठी अंथरलेला क्रोशाचा रुमाल होता. त्याची नक्षी उजेडाने एकेक टाका मोजल्यासारखी उजळवली. अखेर तो बॉनेटवर येऊन थांबला, आणि मला दुसरीकडे पाहावेसे वाटले.

"बघत काय बसलायस? तोंडाने सांगणार आहे का ती, काय झालंय ते?"

गंगारामशेठ मागे येऊन उभे होते. गॅरेज त्यांचे. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि कान नि खांद्यामध्ये दाबून धरलेला मोबाइल.

"बघतोय," मी म्हणालो.

"काल संध्याकाळपासून बघतोयस. लाव मशीन."

मी या गॅरेजात सहा वर्षे स्कॅनर चालवतो. स्टीअरिंगखालच्या खाचेत त्याची पिन घातली की इंजिनाचा संगणक आपली तक्रार एका कोडमध्ये पडद्यावर लिहून दाखवतो. माणसांशी बोलताना मला शब्द वेळेवर सापडत नाहीत. यंत्रासमोर ते लागतच नाहीत, म्हणून हे काम मला मानवले असावे. गॅरेजात मला 'डॉक्टर' म्हणतात. हे नाव शहाजी मिस्त्रींनी ठेवले. ते साताऱ्याकडचे, वय साठीच्या पुढे, आणि त्यांच्या तोंडी ते 'डाक्टर' असे येई. त्यात थट्टा किती आणि माया किती, याचा हिशेब मला कधी लागला नाही.

शहाजीमामा जुलैपासून गॅरेजात येत नव्हते. आता ऑक्टोबर होता. आणि ज्या गाडीमुळे ते यायचे थांबले, तीच गाडी काल संध्याकाळी क्रेनला लटकून परत आली होती.

गाडी विलासकाकांची. बेलापूरच्या सरकारी कार्यालयातून ते निवृत्त झाले होते आणि गाडीला अठरा वर्षे झाली होती. तिचा आजार ऐकायला साधा होता: चालता चालता बंद पडायची, अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू व्हायची. काल ती कामोठ्याच्या पुलावर बंद पडली, मागे ट्रकांची रांग लागली, आणि काकांच्या शेजारी अरुणाकाकू बसल्या होत्या.

अशा गाडीच्या इंजिनापाशी बोटाएवढा एक सेन्सर असतो. इंजिन फिरते आहे, इतक्या वेगाने फिरते आहे, एवढेच तो एका बारीक तारेतून संगणकाला अखंड सांगत राहतो. हे सांगणे क्षणभर तुटले की संगणक समजतो, इंजिन थांबले. आणि तो पेट्रोल तोडतो. मग फिरते इंजिन खरोखरच थांबते. त्यात काही बिघडलेले नसते. ते थांबले आहे असे कुणीतरी मानलेले असते, एवढेच.

गेल्या नोव्हेंबरात या आजारासाठी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तो सेन्सर खरोखरच गेलेला होता. तो गेला हे मी शोधले आणि शहाजीमामांनी नवा बसवला. तारेत वीज खेळते की नाही ते पाहायला मेकॅनिक सुईच्या टोकाचा टेस्टर वापरतात. सुई तारेच्या आवरणातून आत तांब्यापर्यंत टोचायची. भोक इतके बारीक असते की नंतर डोळ्यांना दिसत नाही. मामांना ही पद्धत आवडत नसे. टोचावेच लागले तर ते आपल्या पेटीतून नेलपॉलिशची बाटली काढत आणि त्या भोकावर एक लाल ठिपका ठेवत. ती बाटली त्यांच्या मुलीच्या, उत्कर्षाच्या, लग्नातली उरलेली.

"मामा, आज कुठला शेड?" गॅरेजातली पोरे विचारत.

"तुज्या व्हनाऱ्या बायकूचा," मामा मान वर न करता म्हणत. मग मला जवळ बोलावत. "हितली हवा खारी हाय, डाक्टर. तांब्याची जखम उघडी ठिवायची न्हाय. आज कळत न्हाय, सा म्हयन्यानं कळतंय."

बॉनेट लावण्याआधी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: "टोचलंय का कुटं?" त्या नोव्हेंबरातही त्यांनी तो विचारला होता. दुपारची वेळ होती, गंगारामशेठ पुढच्या गाडीसाठी हाका मारत होते, आणि मी मान हलवली होती. ती कशी हलवली, हे मी स्वतःला कधी विचारले नव्हते.

मग जुलै आला. गाडी पुन्हा बंद पडली, पुन्हा तोच कोड आला.

"मशीन काय म्हणतं?" शेठनी विचारले होते.

"सेन्सरचाच कोड आहे."

"आठ महिन्यांत? म्हणजे बसवतानाच घोळ."

मामा शेजारी उभे होते. त्याच आठवड्यात त्यांच्या हातून एक बोल्ट निसटून दुसऱ्या गाडीच्या इंजिनात पडला होता आणि तो काढण्यात अख्खा दिवस गेला होता. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण यंत्र माझ्या हातात होते.

"नीट बसला नसेल," मी म्हणालो.

मामांनी आपला उजवा पंजा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "असंल," ते म्हणाले.

गंगारामशेठनी त्यांना काढले नाही. त्यांनी फक्त काम सांगणे थांबवले. मामा चार दिवस आपल्या पेटीवर बसून राहिले. कुणी पाना मागितला तर उठून देत. पाचव्या दिवशी ते आले नाहीत. मी आणखी एक नवा सेन्सर घातला, वायरिंग जरा हलले, गाडी सुरू झाली आणि काका ती घेऊन गेले.

आता, ऑक्टोबरातल्या त्या सकाळी, मी पिन लावली. इंजिन सुरू केले. पडद्यावर इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा आला: आठशे. तो स्थिर होता, निर्मळ होता. मी बॉनेट उघडले, स्कॅनर मडगार्डच्या पत्र्यावर टेकवला आणि वायरिंगचा जुडगा टोकापासून हलवत आलो. सेन्सरपाशी काही झाले नाही. बॅटरीपाशी काही झाले नाही. मग माझा हात इंजिनामागच्या वळणावर गेला, जिथे तारा काळ्या प्लॅस्टिकच्या नळीतून खाली उतरतात. हाताला ती जागा शोधावी लागली नाही. मी नळी नुसती दाबली. पडद्यावर आठशेचा शून्य झाला, आणि एका श्वासाने इंजिन थांबले.

"बघ," खांद्यावरून गंगारामशेठ म्हणाले. "शून्य दाखवतंय. दोन सेन्सर घालून झाले. आता राहिलं काय? कंप्युटर."

मी नळीवरून हात काढला.

"बोल ना. कंप्युटरच ना?"

"असू शकतो."

"असू शकतो काय! अठरा वर्षांची गाडी. कंप्युटर मिळणार नाही, मिळाला तर चालेल याची गॅरंटी नाही. मी बाबासोला फोन करतो. सकाळीच क्रेन पाठवेल."

बाबासो म्हणजे भंगारवाला. त्याच्या यार्डात गाडी गेली की संध्याकाळपर्यंत तिचे दरवाजे, काचा, इंजिन वेगवेगळ्या ढिगांत जातात. वायरिंग तर सर्वांत आधी जाते, तांब्यासाठी. ती काळी नळी आणि तिच्यातली ती बारीक तार दिवस मावळायच्या आत आगीत जाईल आणि मग कुणी, कधीच, काहीही उघडून पाहणार नाही, हे माझ्या मनात आले. ते इतक्या स्वच्छपणे आले की मला स्वतःची भीती वाटली. मी नळाखाली हात धुतले. थोड्या वेळाने पुन्हा धुतले.

दहा वाजता विलासकाका आणि अरुणाकाकू रिक्षातून उतरले.

"निशांत, खरं सांग. काय झालंय हिला?" काकांनी गाडीकडे न बघता विचारले, जसे लोक दवाखान्याच्या व्हरांड्यात विचारतात.

"मी सांगतो साहेब," गंगारामशेठ पुढे झाले. "हिचा मेंदूच गेला. आता उगाच हाल नको. चांगल्या मनाने निरोप द्या."

"ऐका," काकू म्हणाल्या. "दहा वर्षं मी हेच सांगतेय. स्वतः वेळेवर रिटायर झाले, गाडीला मात्र एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन."

"काल पुलावर कोण म्हणत होतं, चालू हो गं बाई, चालू हो?"

"मी ते ट्रकवाल्याला घाबरून म्हणत होते."

काका हसले, पण ते हसू टिकले नाही. "मिस्त्री असते तर एकदा बघितलं असतं त्यांनी."

"त्यांनीच तर घोळ केला साहेब," शेठ म्हणाले. "हातात बोल्ट ठरत नव्हता त्यांच्या. मी तुम्हाला तेव्हा बोललो नाही."

मला वाटले काका भांडतील. पंधरा वर्षे त्यांनी मामांशिवाय कुणाला बॉनेट उघडू दिले नव्हते. पण ते म्हणाले, "असेलही. वय होतं माणसाचं."

इतक्या सौम्यपणे ते म्हणाले की तिथे वाद घालायला जागाच उरली नाही. माणूस असा संपतो, मला वाटले. कुणी त्याच्यावर ओरडत नाही. त्याच्याविषयी समजूतदारपणे बोलू लागतात.

अरुणाकाकूंनी गाडीचे दार उघडले आणि सामान काढायला सुरुवात केली. छत्री. टॉर्च. आवळासुपारीची डबी. सीटखालून चपलेचा एक जोड निघाला, तो पाहून त्या म्हणाल्या, "हा मी घरभर शोधला." सर्वांत शेवटी त्यांनी डॅशबोर्डवरचा क्रोशाचा रुमाल उचलला, झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडून नीट घडी घातली. रुमालाखालची चीर उघडी पडली. काका बॉनेटवर हात ठेवून उभे होते. पटांगणाच्या फाटकातून बाबासोची क्रेन मागे मागे येत होती आणि तिचा तो एकसुरी, टोचणारा आवाज थांबत नव्हता.

"काका," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "एक तास द्या मला."

"आता कशाला?" गंगारामशेठ म्हणाले.

"एक वायर बघायची राहिलीय."

"तीन वेळा गाडी आली, आणि वायर बघायची राहिलीय?"

मी इंजिनामागे वाकलो आणि ती काळी नळी उकलली. काका, शेठ, क्रेनवाला, सगळे वाकून पाहू लागले. आतल्या जुडग्यात दोन ठिकाणी लाल ठिपके होते. किती वर्षांपूर्वीचे कोण जाणे. पण अजून घट्ट, अजून चकचकीत. त्यांच्या शेजारून जाणाऱ्या सेन्सरच्या तारेवर ठिपका नव्हता. तिथे आवरण किंचित फुगले होते आणि त्यातून शेवाळासारखा हिरवट डाग बाहेर आला होता. मी ती तार दोन्ही बाजूंनी दोन बोटे सोडून कापली. आतले तांबे हिरव्या भुकटीचे झाले होते. जेमतेम एकदोन केसांएवढे धागे शाबूत होते. गाडीला धक्का बसला की तेही क्षणभर सुटत असणार.

नवा तुकडा जोडला, कथलाचा डाग दिला, वर आवरण चढवले. किल्ली फिरवली. आठशे. मी जुडगा हलवला, पिळला, दाबला. आठशे. काकांनी स्वतः हात घालून हलवला. आठशे.

"एवढीशी तार?" काकू म्हणाल्या.

"वायर कुजली होती," मी म्हणालो.

ते वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच ते मला इतके सोपे गेले.

"हवाच तशी आहे इथली," गंगारामशेठ लगेच म्हणाले आणि क्रेनवाल्याला हाताने 'जा' अशी खूण केली. "खाडी जवळ. काय टिकतं इथे?"

काका माझ्याकडे बघत होते. "म्हणजे जुलैतही हीच वायर होती?"

"हो."

"मग मिस्त्रींचं काहीच चुकलं नव्हतं."

शेठनी फोन कानाला लावला. त्यांना कुणाचा फोन आलेला नव्हता.

"अहो, मग त्या माणसाला कुणीतरी सांगायला नको का?" अरुणाकाकू म्हणाल्या. त्या रुमाल पुन्हा चिरेवर अंथरत होत्या. "कुठे असतात ते हल्ली?"

"मार्केटात, ट्रकच्या वजनकाट्यावर," मी म्हणालो. "मी सांगतो."

कापलेला तुकडा मी खिशात ठेवला. दिवसभर तो मांडीला लागत राहिला. आणखी दोन गाड्या आल्या. दोन्ही वेळा कोड वाचून मी विसरलो आणि पुन्हा वाचला. पाच वाजता मी शेठना न सांगता निघालो.

वजनकाट्याची केबिन म्हणजे पत्र्याची खोली, एक खिडकी, एक टेबल. मामा चष्मा नाकावर ओढून ट्रकचा नंबर वहीत उतरवत होते. अक्षर मोठे, संथ, रेखीव. लिहिताना हात कापत नव्हता, हे मी आधी पाहिले.

"आरं, डाक्टर! वाट चुकलास का?" ते उठू लागले. "बस, बस. च्या सांगतो."

"नको मामा."

"नगं कसं? तुज्या मामीला, वेणूबाईला, आज सांगतो, डाक्टर आलंता म्हणून. लई आठवण काढती तुझी. म्हणती, त्येच्याशिवाय कोन गप बसून ऐकून घेतंय तुमचं." ते हसले. टेबलाखाली त्यांची पत्र्याची पेटी होती. तिच्यावर वर्तमानपत्र पसरले होते आणि वर्तमानपत्रावर डबा.

"पेटी इथे आणलीत?"

"घरी जागा न्हाय. बसायला हुती." त्यांनी वाकून डबा सरळ केला. "उघडत न्हाय मी ती आता. घरचा पंखा बंद पडलाय धा दिस. वेणूबाई म्हणती, बघा की जरा. मी म्हणलं, मिस्त्री बोलीव."

"पंखा तुम्ही पाच मिनिटांत कराल."

"करीन. पन रातीला बायकूच्या डोक्यावर पडला तर?" त्यांनी पंजा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. अगदी जुलैतल्यासारखा. "त्या शेन्सरचा बोल्ट मी आवळला हुता. पक्का आवळला हुता, आसं मला वाटतंय. पन वाटून काय हुतंय? विलाससायब जुलैत बाईमानसाला घिऊन रस्त्यात आडकलं. हाताला कळंना झालं, की मानसानं आपनहून बाजूला व्हावं."

मी खिशातून तुकडा काढला आणि वहीवर ठेवला.

"ह्ये काय?"

"काकांच्या गाडीतली तार. आज कापली. गाडी चालू झाली."

मामांनी तुकडा उचलला. आधी डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब केला, मग खिडकीपाशी गेले. मावळतीचा उजेड तिरपा येत होता. त्यांनी हिरव्या फुगवट्यावर अंगठ्याचे नख हळूच फिरवले आणि एका जागी थांबवले.

"हितं टोचलंय."

"हो."

"आन् ठिपका न्हाय."

"नाही."

बाहेर एक ट्रक काट्यावर चढला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मामांनी तिकडे पाहिले नाही. "म्हंजी ह्यो माझा हात न्हाय," ते म्हणाले. हे ते मला सांगत नव्हते. तुकडा धरलेल्या हाताकडे बघून ते बोलत होते, बराच वेळ रुसून बसलेल्या माणसाशी बोलावे तसे. हॉर्न पुन्हा वाजला. ते टेबलापाशी आले, नंबर लिहिला, वजन लिहिले, पावती खिडकीतून दिली. मग चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तू टोचलंस."

"हो मामा. नोव्हेंबरात."

"मी इचारलं हुतं."

"मी नाही म्हणालो होतो."

त्यांनी मान डोलावली. रागावतील याची मी वाट पाहत होतो. ती वाट पाहणे मला बरे वाटत होते. पण त्यांनी पायाने डबा बाजूला सारला, वर्तमानपत्र काढले, पेटीची कडी उघडली आणि आत हात घालून चाचपले. बाटली निघाली. त्यांनी ती उजेडात धरून हलवली. तळाशी थोडे लाल अजून ओले होते.

"हुतं आसं घाईत," ते म्हणाले. "माझ्या हातनं बी झालंय, तुज्या वयात. आज तुला घावलं, आन् आजच्या आज सांगाय आलास. बरं केलंस." ते माझ्याकडे बघून हसले. "आजच कळलं न्हवं तुला?"

किती मायेने त्यांनी ते दार माझ्यासाठी उघडे धरले होते. मला फक्त 'हो' म्हणायचे होते. जुलैतली ती सकाळ माझ्यासमोर उभी राहिली: मामा हात धुवायला गेलेले, शेठ फोनवर, बॉनेटखाली मी एकटा. मी काळी नळी मागे सारली होती. तारेवर तांदळाएवढा हिरवा डाग होता. मी नळी पुन्हा पुढे ओढली होती, आणि मग शेठ आणि मामा दोघेही जवळ येऊन उभे राहिले होते.

"नाही मामा," मी म्हणालो. "मला जुलैमध्येच माहीत होतं."